रोक्कोवर खांद्यावरची बॅग

गेली चार वर्षं मी ओसाकाला राहतेय, कोबेला तर कितीतरी वेळा जाणं होतं, पण रोक्को डोंगरावर कधी गोल्फ खेळायला मिळेल असं वाटलं नव्हतं. खालून शहरातून बघितलं की डोंगर नुसता हिरवागार दिसतो, वरती कोर्स आहे हे सांगूनही खरं वाटत नाही. जपानमधला सगळ्यात पहिला गोल्फ कोर्स तो, कोबे गोल्फ क्लब, आणि खाजगी क्लब असल्याने उठलं आणि गेलं असं काही नसतं. माझ्या ऑफिसातल्या सीनियरच्या ओळखीचे एक आजोबा तिथले जुने मेंबर आहेत, त्यांनी जुलैतल्या एका मंगळवारी आम्हा दोघांना बोलावलं आणि वर एक निरोप पाठवला की स्टिका, म्हणजे गोल्फच्या काठ्या, थोड्याच आणा, बॅग तिथली घ्यायची.

या निरोपाचा अर्थ मला वर गेल्यावर कळला.

हांक्यू लाईनच्या रोक्को स्टेशनवर उतरायचं, तिथून सोळा नंबरची बस पकडायची, ती घरांच्या उभ्या चढातून वळत वळत केबल स्टेशनला सोडते आणि मग रोक्को केबल, म्हणजे दोराने डोंगरावर ओढली जाणारी छोटी रेल्वे. ही केबल १९३२ सालची आहे, दोन डबे जोडलेले, त्यातला एक बाजूने उघडा, खिडक्याच नाहीत. मी मुद्दाम उघड्यात बसले. दहा मिनिटांचा प्रवास पण त्या दहा मिनिटांत हवा बदलते, खाली अंगाला चिकटणारा उकाडा होता आणि वर उतरलो तर चक्क हातावर काटा आला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आजिसाई फुललेली, म्हणजे आपण हायड्रेंजिया म्हणतो ती, निळ्या रंगाच्या किती छटा असाव्यात, खाली शहरात तिचा बहर सरत आलेला असतो तेव्हा इथे ती ऐन भरात असते.

आता हा कोर्स इथे कसा आला ते सांगते, कारण मला त्याचंच जास्त कौतुक आहे. आर्थर हेस्केथ ग्रूम नावाचा इंग्रज, १८४६ चा जन्म, कोबे बंदर परदेशी व्यापाराला उघडलं त्याच वर्षी म्हणजे १८६८ ला इथे आला, चहाचा व्यापार केला, जपानी मुलीशी लग्न केलं आणि इथलाच झाला. १८९५ ला त्याने रोक्कोवर घर बांधलं. तेव्हा वर जायला धड रस्ता नव्हता, लोक चालत नाहीतर डोलीत बसून जायचे. आणि आज आपण बघतो ती झाडी तेव्हा नव्हतीच, लाकूडतोडीने डोंगर पार बोडका झालेला होता, झाडं परत लावायचं काम १९०२ च्या सुमारास सुरू झालं. अशा त्या उघड्या डोंगरावर मित्रांच्या गप्पांत गोल्फचा विषय निघाला आणि या माणसाने मनावर घेतलं. दगड वेचले, सासा नावाचा बुटका बांबू तिथे माजलेला असतो तो उपटला, आणि १९०१ ला चार होल (बॉल घालायचा खड्डा आणि तिथवरची खेळायची पट्टी मिळून एक होल) तयार केले. चारच! १९०३ ला नऊ झाले आणि रीतसर क्लब निघाला, १९०४ ला अठरा. ग्रीनवर, म्हणजे त्या खड्ड्याभोवतीच्या जागेवर, गवत नव्हतं, वाळू दाबून सपाट केलेली असायची आणि त्यावर पटिंग करायचे, म्हणजे बॉल हलकेच खड्ड्याकडे ढकलायचे.

क्लबहाऊससमोर उभं राहून हे सगळं आजोबांनी सांगितलं, त्यांना सनावळी पाठ आहे. क्लबहाऊसही बघण्यासारखं आहे, लाकडी, बुटकं, डोंगरातल्या झोपडीसारखं, आत शेकोटी. विल्यम मेरेल व्होरिझ या अमेरिकन माणसाचं डिझाईन, १९३२ चं. हा १९०५ ला इंग्रजी शिकवायला जपानला आला, आर्किटेक्ट म्हणून त्याने कॉलेजं, चर्च, घरं असं पुष्कळ काही बांधलं, जपानमध्ये मेन्थोलेटमचं मलम विकायला सुरुवात केली ती याच्याच मंडळींनी, आणि पुढे १९४१ ला त्याने जपानी नागरिकत्वही घेतलं. एका माणसाच्या आयुष्यात किती गोष्टी मावतात.

तर बॅग. कॅडी-सान आल्या (खेळणाऱ्याची बॅग उचलणाऱ्या कॅडीला इथे सगळे असंच म्हणतात, नाव माहीत असलं तरी), साठीच्या आसपासच्या, डोक्याला टोपी आणि तिच्याखाली मान झाकणारं फडकं, त्यांनी आमच्या स्टिका एका लहानशा सडपातळ बॅगेत भरल्या आणि बॅग खांद्याला लावली. गाडी नाही, ट्रॉली नाही, काही नाही. डोंगरच असा आहे की इथे गाडी नेणार कुठे. मी पाच आयर्न, एक वेज, एक पटर आणि एक वूड घेतलं होतं, आणि खरं सांगते, आठ स्टिकांत काहीही कमी पडलं नाही.

कोर्स लहान आहे, अठरा होल मिळून साधारण चार हजार यार्ड, पार ६१, म्हणजे चांगल्या खेळाडूने एकूण ६१ फटक्यांत संपवावा असा. निम्म्याहून जास्त होल पार थ्री, तीन फटक्यांचे. मोठ्या कोर्सवर खेळणाऱ्यांना हे ऐकून वाटतं की पोराटोरांचा खेळ असेल, अजिबात नाही! टी वर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिलं की समोर दरी, पलीकडे चढावर ग्रीन, ग्रीनच्या मागे सगळा उतार आणि बाजूला सासा. सासात बॉल गेला की खस्सकन आवाज येतो आणि मग तो सापडत नाही, आवाज अगदी डोळ्यासमोर झालेला असतो तरीही. कॅडी-सान प्रत्येक वेळी आधी अंतर नाही सांगायच्या, उंची सांगायच्या, की वर आहे, दीड स्टिक जास्त घ्या, म्हणजे बॉल आणखी लांब नेणारी. आठव्या होलनंतर मी यार्डाचा विचारच सोडून दिला आणि त्या म्हणतील ते हातात घेत गेले.

मग धुकं आलं. आलं म्हणजे, खालून दरीतून वर चढत आलं आणि दोन मिनिटांत होलवरचा झेंडा दिसेनासा झाला. आजोबा शांतपणे म्हणाले, थांबू या. आम्ही तिथेच गवतावर थांबलो आणि तेव्हा त्यांनी मियामोतो तोमेकिचीची गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. मियामोतो १९०२ चा जन्म, डोंगराच्या उत्तर बाजूच्या गावातला. गावातली मुलं डोंगर चढून इथे कॅडीचं काम करायला यायची, हाही शाळेच्या वयातच यायला लागला, साहेब लोकांच्या बॅगा उचलायचा, बघून बघून खेळ शिकला. याच माणसाने पुढे सहा वेळा जपान ओपन जिंकली! १९३२ ला ब्रिटिश ओपन खेळायला इंग्लंडला गेला. आणि तो एकटाच नाही. रोक्को हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो म्हणून १९०४ ला खाली समुद्राकाठी योकोया इथे दुसरा कोर्स निघाला, सहा होलचा, तिथे फुकुई काकुजी नावाचा मुलगा कॅडी होता, तो जपानचा पहिला प्रोफेशनल गोल्फर झाला. ग्रूमचं नाव सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते असायलाच हवं, पण मला विचाराल तर जपानी गोल्फ खऱ्या अर्थाने या पोरांनी सुरू केला, ज्यांना इथे खेळायला कुणी बोलावलं नव्हतं, उचलायला बोलावलं होतं.

धुकं थोडं पातळ झालं तेव्हा कॅडी-सान आमच्यापासून चार पावलांवर वाकलेल्या दिसल्या. मघाशी माझ्या फटक्याने गवताचा जो टवका उडाला होता त्या खड्ड्यात त्या कमरेच्या पिशवीतली वाळू भरत होत्या, भरली, बुटाच्या टाचेने हलकेच दाबली, परत चिमूटभर टाकली, परत दाबली. आम्ही गप्पा मारत होतो तेवढ्या वेळात त्यांनी आसपासचे दुसऱ्या कुणाचे तरी पाच-सहा खड्डेही बुजवले होते.

अजून एक गंमत म्हणजे डोंगरावरून चालणाऱ्यांची वाट याच कोर्समधून जाते. पाठीवर सॅक घेतलेली माणसं मध्येच येतात, सावध राहा, बॉल येईल अशी पाटी असते, आपण थांबायचं, ते हात करून पलीकडे जातात. इतका जुना खाजगी क्लब आणि त्याच्या मधून कुणीही चालत जाऊ शकतं, मला हे फार आवडलं.

सतराव्या होलनंतर मी कॅडी-सानना विचारलं की शेवटच्या होलला बॅग मी घेऊ का. त्या नाही नाही म्हणाल्या, दोनदा वाकल्या, मग आजोबांनी त्यांना काहीतरी सांगितलं आणि त्यांनी पट्टा माझ्या खांद्यावर चढवला, थोडा वर सरकवला, म्हणाल्या, मानेजवळ ठेवा, तिथे कमी टोचतो. आमच्या दोघांच्या स्टिका होत्या त्यात. चढ होता. अर्ध्या वाटेत मी बाजू बदलली, परत बदलली, पट्टा कुठेही ठेवला तरी टोचतच होता. पुढे कॅडी-सान हात मोकळे सोडून चालत होत्या आणि दर थोड्या वेळाने मागे वळून बघत होत्या.

संध्याकाळच्या केबलने खाली आलो, उघड्या डब्यातून खाली बंदरातले दिवे लागलेले दिसत होते, आणि उजवा खांदा चांगलाच ठणकत होता.