सूर्यच तिरका हाय, गुरुजी

तासगाव तालुक्यातील एका दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी मुख्याध्यापक असताना शाळेच्या जुन्या खोलीचे छत पाडून नवे बांधकाम सुरू झाले होते, आणि मे महिन्याची सुट्टी असूनही मला रोज सकाळी शाळेवर जावे लागत असे. सिमेंटची पोती मोजून घेणे, पाण्याचा टँकर आला की नाही ते पाहणे आणि मिस्त्री दुपारी दुसऱ्याच्या कामावर जाणार नाहीत याची काळजी घेणे, हे मुख्याध्यापकाच्या सुट्टीतील कामाचे स्वरूप. त्यातच 8 मे ही आमच्या गावाची शून्य सावलीची तारीख आहे असे वाचनात आले आणि गावातच असलेल्या मुलांना हा प्रकार दाखवावा, असे मनात आले.

पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर मी आदल्या रात्री संदेश टाकला : ‘उद्या दुपारी ठीक 12 वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येईल आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होईल. सर्व विद्यार्थ्यांनी टोपी घालून पावणेबाराला शाळेच्या पटांगणात जमावे.’ तारीख मी नीट तपासून घेतली होती. वेळ तपासण्याची गरजच वाटली नाही, कारण सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी बारा वाजता, हे मी अठरा वर्षे वर्गात सांगत आलो होतो आणि माझ्या गुरुजींनीही मला तेच सांगितले होते.

सकाळी साडेअकरापासूनच मुले येऊ लागली. मोजली तेव्हा चौतीस भरली. त्यांत चार जण तर मामाच्या गावाला आलेले पाहुणे होते. तारखेमागचे कारण मी तेथेच, पटांगणात बसवून सांगितले. पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे वर्षभरात सूर्य कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यान वर-खाली सरकताना दिसतो. डिसेंबरच्या अखेरीस उत्तरायण सुरू झाल्यावर तो रोज थोडा थोडा उत्तरेकडे येतो आणि ज्या दिवशी तो आपल्या गावाच्या अक्षांशावर पोहोचतो, त्या दिवशी मध्यान्ही तो अगदी डोक्यावर असतो. आमचे गाव साधारण 17 अंश उत्तर अक्षांशावर आहे. पणजीचा अक्षांश साडेपंधरा, म्हणून तेथे हा दिवस मेच्या पहिल्या दोनतीन दिवसांतच येतो. पुण्याला 13-14 मेच्या सुमारास, मुंबईला 15-16 मेच्या सुमारास आणि नागपूरला थेट 26 मेच्या आसपास. म्हणजे सूर्य आपला महाराष्ट्र दक्षिणेकडून उत्तरेकडे पायी चालल्यासारखा पार करतो. पाहुण्या मुलांपैकी एकाने दिल्लीला हा दिवस कधी असतो, असे विचारले. कधीच नाही, कारण सूर्याची धाव साडेतेवीस अंशांवरच्या कर्कवृत्तापाशी संपते आणि दिल्ली त्याच्याही वर आहे, हे उत्तर ऐकून मुलांना आपले गाव दिल्लीपेक्षा वरचढ असल्यासारखा आनंद झाला.

प्रयोगासाठी मिस्त्रींनी बारा एमएमची तीन फुटी सळई दिली होती. नळासाठी भोक पाडलेला कडप्प्याचा एक तुकडा वाळूवर सपाट बसवून त्या भोकात ती सळई उभी केली होती, म्हणजे काळ्या फरशीवर खडूने सावलीच्या टोकाच्या खुणा करता येतील. बाराला पाच मिनिटे असताना सावली पश्चिमेकडे चांगली लांब पडलेली होती. मी मुलांना म्हटले, ‘आता बघा, झरझर आत येईल.’

मोबाइलवर बरोबर बारा वाजले. पट्टी लावली तर सावली 11 सेंटिमीटर. आणखी दोन मिनिटे गेली, तरी सावली जागेवरच होती म्हणायला हरकत नाही. मागच्या रांगेतून दबके हसू ऐकू आले. माझी पहिली शंका सळईवर गेली. मी मिस्त्रींना हाक मारली आणि सळई कललेली आहे, सरळ करून द्या, असे जरा चढ्या आवाजातच सांगितले. त्यांनी हातातील थापी खाली ठेवली, ओळंबा आणला, सळईच्या एका बाजूने सोडला, मग काटकोनातल्या दुसऱ्या बाजूने सोडला, आणि शांतपणे म्हणाले, ‘सळई ओळंब्यात हाय, गुरुजी. तुमचा सूर्यच तिरका हाय.’

मुले खो खो हसली. मीही हसलो, पण माझ्या कानशिलांना ऊन लागले होते ते काही सूर्याचे नव्हते. ओळंब्याच्या दोरीचीही सावली पश्चिमेकडेच पडली होती, हे मी पाहिले आणि मग तक्रारीला जागा उरली नाही. कोणीतरी भूक लागल्याचे सांगितले, कोणाला आईने हाक मारली, आणि बारा वाजून दहा मिनिटांपर्यंत वीसएक मुले पांगली. जाणाऱ्यांना थांबा म्हणण्याचा अधिकार मी गमावला होता.

मिस्त्रींनी जाता जाता एक वाक्य टाकले. ‘आमची जेवायची सुट्टी सावलीवर असती. सावली पायात आली की भाकरी सोडायची. घड्याळात बघाल तर साडेबारा व्हत्यात.’ हा माणूस रोज उन्हात काम करतो आणि मी रोज वर्गात शिकवतो, एवढाच आमच्यात फरक होता.

त्या ‘साडेबारा’ या शब्दाने माझ्या डोक्यात एक जुना धडा जागा झाला. पृथ्वीला 360 अंश फिरायला 24 तास लागतात, म्हणून एका अंशाला चार मिनिटे, हे गणित मी दरवर्षी फळ्यावर सोडवून घेतो. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि ते मिर्झापूरजवळून जाते, हेही पाठ करून घेतो. पण आमचे गाव त्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला जवळजवळ आठ अंश आहे, म्हणून आमच्या माथ्यावर सूर्य सुमारे बत्तीस मिनिटे उशिरा येणार, ही बेरीज मी कधी केलीच नव्हती. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाठांत होत्या आणि परीक्षेत वेगवेगळ्या प्रश्नांना येत होत्या. उरलेल्या मुलांना मी तेथल्या तेथे सांगून टाकले की आपल्या घड्याळात बारा वाजतात ते मिर्झापूरचे बारा. आपले खरे बारा 12 वाजून 32 मिनिटांनी वाजतील, आणि माझी चूक झाली. एकाने विचारले, ‘मग आधी लोक काय करायचे?’ पूर्वी गावोगावची वेळ आपापल्या सूर्याप्रमाणे असे. 1906 साली प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने तिच्यापेक्षा 39 मिनिटे मागे असलेली स्वतःची वेळ 1955 पर्यंत सोडली नव्हती, हे सांगितल्यावर त्यांना मुंबईकरांबद्दल थोडा आदर वाटू लागला.

आता आम्ही चौदा जण सळईभोवती उकिडवे बसलो. 12 वाजून 10 मिनिटांनी सावली 7 सेंटिमीटर होती, 12 वाजून 20 मिनिटांनी 3. मिनिटाला चार मिलिमीटर म्हणजे डोळ्यांना गती दिसत नाही, पण खडूची खूण करून क्षणभर मान वर केली की सावलीचे टोक खुणेच्या आत गेलेले असे. पश्चिमेकडून वळिवाच्या ढगांची एक पुंजकी वर येत होती. तिच्याकडे मी मुलांपेक्षा जास्त वेळा पाहिले. मिस्त्रींनी बाजूला चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा ओळंब्यात उभा करून ठेवला होता आणि मुले आळीपाळीने त्यात डोकावत होती. तळाच्या वाळूवर उन्हाची फाक पडली होती आणि ती हळूहळू भरत चालली होती.

मी 12 वाजून 32 मिनिटांची वाट पाहत घड्याळाकडे बघत असताना, 12 वाजून 28 मिनिटांना सातवीतली एक मुलगी ओरडली, ‘सर, गेली!’

खरोखरच गेली होती. सळईच्या बुडाशी भोकाच्या कडेला एक पुसटशी करडी कड तेवढी उरली होती, कारण सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाचे बिंब आहे आणि त्याच्या कडांचे ऊन थोडे तिरके येतेच. पाइपच्या तळाशी उन्हाचे पूर्ण गोल नाणे पडले होते. उलट्या ठेवलेल्या घमेल्याला सावली नव्हती. मुलांच्या सावल्या त्यांच्या पायांखाली गोळा होऊन बसल्या होत्या आणि टोपीच्या झालरीची सावली खांद्यांवर पडली होती. एक मुलगा एका पायावर उभा राहून आपली सावली आणखी लहान होते का ते पाहत होता. दोनतीन मिनिटांनी सावली सळईच्या पूर्वेला डोकावली आणि मिस्त्री हात धुऊन भाकरी सोडायला गेले.

त्या चार मिनिटांचा प्रश्न मात्र मला घरी घेऊन जावा लागला. उत्तर रात्री सापडले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती लंबवर्तुळात; जानेवारीत सूर्याजवळ असताना वेगाने, जुलैत दूर असताना सावकाश. त्यात आस कललेला. त्यामुळे एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतचा काळ नेमका चोवीस तासांचा क्वचितच असतो; काही सेकंद कमी किंवा जास्त भरतात आणि ते साठत जातात. घड्याळ चालते ते वर्षभराच्या सरासरीवर. मेच्या सुरुवातीला सूर्य या सरासरीच्या साडेतीन मिनिटे पुढे असतो. आमच्या गावात फेब्रुवारीच्या मध्यावर मध्यान्ह होते 12 वाजून 46 मिनिटांच्या सुमारास, तर नोव्हेंबरच्या आरंभी 12 वाजून 15 मिनिटांनाच. मुळात दुपारी बरोबर बाराला आमच्याकडे मध्यान्ह वर्षातून एकदाही होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी गटावर चूक दुरुस्त करणारा संदेश टाकला आणि पांगलेल्या मुलांना पुन्हा बोलावले. एका दिवसात सूर्य उत्तरेकडे सरकतो तो स्वतःच्या बिंबाच्या निम्म्याएवढाच, त्यामुळे तीन फुटी सळईला 9 तारखेलाही सावली जवळजवळ नव्हतीच. परतताना सूर्य ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा आमच्या डोक्यावरून जातो. तेव्हा शाळा भरलेली असते, सगळा पट हजर असतो आणि आभाळ गच्च भरलेले असते. पुढच्या चार वर्षांत तो दिवस आम्हाला एकदाही दिसला नाही.

खडूच्या खुणा पुसून जातील म्हणून मिस्त्रींनी त्यांवर छिन्नीने बारीक टोचे मारले होते. भोकापासून पश्चिमेकडे एका सरळ रेषेत तीन टोचे. तो कडप्पा पुढे पिण्याच्या पाण्याच्या टाकीपुढच्या ओट्याला बसवला, भोकातून नळ आला, आणि सगळ्यात लांबच्या, 11 सेंटिमीटरवरच्या टोच्याशेजारी मिस्त्रींनी मला न विचारता ‘12’ हा आकडा कोरून ठेवला.