डाग नव्हता, मग मासा मेला कसा?

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांचा फोन आला की पुढचं वाक्य मला पाठ असतं. "काल रात्री मस्त खाल्लं हो, अंगावर ठिपकासुद्धा नव्हता, आणि सकाळी बघतो तर तळाला पडलेला! एका रात्रीत असा कसा गेला?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एका रात्रीत नाही गेला. आठवडाभर आपल्या डोळ्यांसमोर जात होता. आपण अंग बघत होतो, दुखणं कल्ल्यांत होतं.

बाजारात हे आपल्याला बरोबर कळतं. आई कोळणीच्या पाटीशी वाकली की आधी कल्ला उचलून बघते. लालभडक असेल तरच भाव विचारते. टाकीतल्या जित्या माशाचा कल्ला कोण उचलतो?

माझी पहिली क्लाउनफिशची जोडी अशीच गेली. दुकानातल्या पिशवीतून थेट टाकीत सोडली होती. चार-पाच दिवसांनी दोघं पंपाच्या धारेशी तोंड करून उभे राहायला लागले. मला वाटलं, रमले! (आठवलं की अजून लाज वाटते.) ते प्राणवायूसाठी तिथे जात होते. मेल्यावर ओळखीतल्या एकाने कल्ल्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. झालरीसारख्या पाकळ्यांना गडद, लंबगोल दाणे चिकटलेले. आयोडीनचा थेंब सोडला तर काळेनिळे झाले, बटाट्याच्या फोडीसारखे, कारण आत स्टार्च असतो.

हा अमायलोऊडिनियम. एकपेशीय जीव, साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा. मुळांसारखे धागे कल्ल्यात रोवून तीन-चार दिवस खातो आणि गळून तळाशी पडतो. तिथे कवच धरून एकाचे दोन, दोनाचे चार असं करत २५६ पर्यंत पिल्लं होतात, आणि ती पोहत पुन्हा मासा शोधतात. समुद्रात सापडणं कठीण. आपल्या दोनशे लिटरच्या डबक्यात मासा पळणार कुठे? पहिल्या फेरीत दहा असतील तर दुसऱ्या फेरीत हजार-दोन हजार. 'एका रात्रीत' म्हणतात ती ही दुसरी-तिसरी फेरी. अंगावर मखमली धूळ दिसते ती बऱ्याचदा त्यानंतर, कधी दिसतही नाही.

तांब्याचं औषध चालतं, पण ते पोहणाऱ्या पिल्लांनाच मारतं, कवचातल्यांना नाही. म्हणून दोन-तीन आठवडे मात्रा रोज मोजत टिकवावी लागते, तीही वेगळ्या टाकीत, कारण त्याच तांब्याने पोवळी आणि कोळंब्या मरतात. एक दिवस औषध टाकून "काही उपयोग झाला नाही" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

खायचा जिताडासुद्धा यातून सुटत नाही, मत्स्यशेतीतले लोक जाणतात. खाणाऱ्याला मात्र त्याची बाधा होत नाही. हाही प्रश्न येतोच.

नवा मासा आणलात की महिनाभर वेगळा ठेवा. तो निवांत असताना मिनिटाला किती वेळा कल्ले हलवतो ते मोजून वहीत लिहा, रोज. आकडा चढायला लागला की मला तेव्हाच फोन करा, रात्रीचे अकरा वाजले असले तरी.