बांधणं आणि आवळणं

डोकं ठणकलं की आजी कपाळाला फडकं बांधते. बाळंतिणीचं पोट जुन्या मऊ नऊवारीच्या पट्ट्यानं बांधतात, मुरगळलेल्या घोट्याला क्रेप बँडेज, आंब्याच्या कलमाला प्लॅस्टिकची पट्टी. आपल्याकडे बांधणं म्हणजे निम्मं औषध. आणि बांधणारा जाणता हात असेल तर तोंडानं एक सूचना हमखास येते: बांध, पण आवळू नकोस. ट्रान्स पुरुष म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी ठरवला गेलेला पुरुष, आणि टॉप सर्जरी म्हणजे त्याचे स्तन काढून छाती सपाट करणारी शस्त्रक्रिया. ती झाल्यावर पुढचे काही आठवडे त्याच्या अंगावर जी कॉम्प्रेशन बंडी, म्हणजे छाती दाबून धरणारी बंडी असते, तिचं सगळं शास्त्र या दोन क्रियापदांमधल्या फटीत मावतं.

पंचाईत अशी, की ही बंडी ज्याच्या वाट्याला येते त्यानं बहुधा आधीची काही वर्षं बाइंडरमध्ये, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून घालायच्या घट्ट कपड्यात काढलेली असतात. घट्ट तितकं सपाट, सपाट तितकं बरं, हे गणित त्याच्या बरगड्यांना तोंडपाठ. त्यामुळे हातात नवी बंडी आली की बोटं आपोआप सर्वांत आतल्या हुकांकडे जातात. तिथेच चुकतं. बाइंडर लपवायला होता. ही बंडी धरून ठेवायला आहे, आणि जे धरायचं आहे ते आता जखमेचं कातडं आहे.

आत काय झालेलं असतं? स्तनाची ऊती काढली, वरचं कातडं पुन्हा छातीच्या स्नायूवर बसवलं. बसवलं खरं, पण चिकटलेलं नाही. मधल्या पोकळीत शरीर पाझरत राहतं. पिवळसर पाणी साचलं तर तो सेरोमा, रक्त साचलं तर हिमेटोमा. नव्या भिंतीवर वॉलपेपर लावल्यावर हवेचे फुगे राहू नयेत म्हणून वरून तळहात फिरवतात, तेवढंच बंडीचं काम: कातडं खालच्या थराला टेकवून ठेवायचं, म्हणजे पाण्याला जागा कमी मिळते आणि सूज आवरते. काही सर्जन आतूनच कातडं स्नायूला टाके घालून, गोधडीसारखं टिपून घेतात. ते ड्रेनही (साचणारं पाणी बाहेर काढणारी नळी) लावत नाहीत आणि बंडीही थोडेच दिवस घालायला सांगतात. बरेच जण तीन ते सहा आठवडे सांगतात. यात डॉक्टरांचं एकमत नाही, त्यामुळे मित्राला सहा आठवडे सांगितले होते म्हणून आपणही सहा, असं करू नये. आपल्या सर्जनचा आकडा तो आपला आकडा.

दाबाचा एक खट्याळ नियम आहे. गोल वस्तूभोवती ताणलेलं कापड जिथे वळण तीव्र तिथे जास्त दाबतं, जिथे सपाट तिथे कमी. छातीभोवती उपरणं ताणून बांधून पाहा: काखेच्या खाली, बरगड्यांच्या वळणावर ते रुतेल आणि बरोबर मध्ये, उरोस्थीवरच्या खोबणीत, दोन बोटं सहज आत जातील. बंडीचंही तेच होतं. कडेला काचते, मध्ये तरंगते, आणि पाणी नेमकं मोकळी जागा शोधतं. अशा वेळी अननुभवी माणूस हुक आणखी आत घेतो. त्यानं कडेचा दाब वाढतो, मधला जवळजवळ तसाच राहतो. उपाय हुकात नसून घडीत आहे: मधल्या खोबणीत किंवा जिथे फुगवटा वाटतो तिथे गॉझची जाड घडी किंवा मऊ फोमचा तुकडा ठेवायचा, वरून बंडी नेहमीसारखी लावायची. कुठे ठेवायचं हे ड्रेसिंगच्या वेळी सर्जनला किंवा नर्सला विचारून पेनानं खूण करून घ्यावी.

फार दाबलं तर काय होतं? ब्लड प्रेशरच्या यंत्रावर १२०-८० दिसतं, पण कातडीतल्या केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्यांत तो दाब उतरून ढोबळमानानं ३० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास येतो. बाहेरून सतत त्याहून जास्त दाबलं की रक्त तिथवर पोहोचत नाही. निरोगी कातडं ते काही वेळ सोसतं. टाक्यांच्या कडेचं आणि कलम केलेल्या स्तनाग्राचं कातडं आधीच उसनवारीवर जगत असतं. कलम शब्द इथे अगदी मापाचा आहे. आडव्या दोन छेदांच्या पद्धतीत स्तनाग्र पूर्ण सुटं करून, पातळ करून, नव्या जागी लावतात, आणि खालून रक्तवाहिन्या जुळेपर्यंत वरून औषधी गॉझची छोटी गादी टाक्यांनी बांधून ठेवतात. ती साधारण पाच ते सात दिवसांनी काढतात. त्यानंतर तिथे काळपट खपली दिसली की माणूस घाबरतो. बहुतेक वेळा ती वरची साल असते, खाली गुलाबी असतं. पण बंडी काढताना ती खपलीवरून ओढत नेली तर खालचं गुलाबीही हातात येतं. म्हणून न चिकटणारा गॉझ मलमासकट आधी ठेवायचा, आणि बंडी काढताना कापड अंगापासून वर उचलायचं, घासत न्यायचं नाही.

आता खरेदी. आपल्याकडच्या सर्जिकल दुकानात 'गायनेकोमॅस्टिया व्हेस्ट' मागितली की कोणी भुवई उंचावत नाही. पुरुषांच्या वाढलेल्या छातीच्या शस्त्रक्रियेनंतरही हाच कपडा लागतो. फक्त डोक्यातून घालायची घेऊ नका. हात खांद्याच्या वर न्यायची बंदी असते, तेव्हा ती घालणार कशी आणि काढणार कशी? पुढून पूर्ण उघडणारी हवी, हुकांच्या दोन-तीन रांगा आणि वर चेन, किंवा रुंद वेल्क्रो. पहिल्या दिवसांत सूज आणि ड्रेसिंग असतं, म्हणून बाहेरच्या रांगेपासून सुरुवात. दोनेक आठवड्यांत सूज उतरली की बंडी आपोआप सैल पडते, मग आतली रांग. पहिल्याच दिवशी आतली रांग लागत असेल तर माप मोठं घेतलंय. बाजूनं शिंप्याकडून टाके घालून ती अरुंद करून घेण्याचा मोह आवरावा, कारण आत शिवणीचा जो कंगोरा उभा राहतो तो चोवीस तासांत कातडीवर फोड आणतो. आणि दोन घ्या. एक अंगावर, एक दोरीवर.

आत पातळ सुती बनियन हवं, पण तेही डोक्यातून जात नाही. जुनं बनियन पुढून सरळ चिरायचं आणि उलटं घालायचं, म्हणजे शिवणी बाहेरच्या बाजूला. स्वस्त आणि उत्तम. आतल्या सुरकुत्या तळहातानं काढल्याशिवाय पहिला हुक लावू नये. सुरकुती म्हणजे दोरीच.

हुक लावायला बहुधा आई, बहीण किंवा घरातला दोस्त असतो. आईला परकराची नाडी बांधायची सवय, ती म्हणते, "पोट आत घे रे जरा." नका घेऊ. श्वास सोडून छाती आखडली आणि हुक लावले, तर पुढच्या पहिल्या पूर्ण श्वासाला बंडी अंगावर उठते. मागे उशी घेऊन अर्धवट टेकून बसायचं, रोजच्यासारखा श्वास चालू ठेवायचा, आणि हुक खालून वर लावत यायचं. झाल्यावर परीक्षा सोपी: खालच्या काठाखाली दोन बोटं चपटी शिरली पाहिजेत, खोल श्वास घेता आला पाहिजे, आणि हाताला मुंग्या येता कामा नयेत. मुंग्या येत असतील तर काखेतला काठ गुंडाळला गेलाय, तो आधी उलगडा. काढल्यावर कातडीवर शिवणीचे वळ दिसतात, थोड्या वेळात जातात. फोड किंवा निळाकाळा पट्टा दिसला तर तो वळ नव्हे, फोटो काढून सर्जनकडे पाठवायचा.

ड्रेन असतील तर बंडीचा अर्धा वेळ त्यांच्याच सेवेत जातो. काखेच्या खालून नळी निघते, टोकाला हातात मावणारा लवचीक बल्ब. नळी बंडीखाली मोडता कामा नये. मोडली की बल्ब रिकामा आणि छाती भरलेली. बल्ब बंडीलाच पिनेनं टाचायचा, पँटला नाही, कारण खुर्चीवरून उठताना पँट एकीकडे आणि छाती दुसरीकडे जाते. बल्ब उघडून मापाच्या कपात ओतायचा, मिलिलिटर लिहायचे, डावा-उजवा वेगळा. मग बल्ब मुठीत पूर्ण चेपायचा आणि चेपलेला असतानाच बूच लावायचं. हे विसरलं की ओढ राहत नाही. रंग आधी काळसर लाल, मग कोकम सरबत, शेवटी फिकट पिवळा. चोवीस तासांत साधारण २५-३० मिलिलिटरच्या खाली आलं की ड्रेन निघतो. उलटा प्रवास झाला, म्हणजे पिवळ्याचं पुन्हा भडक लाल, किंवा एकच बाजू अचानक फुगून टणक झाली आणि दुखायला लागली, तर बंडी आवळून थांबवायचा प्रयत्न करू नये. तडक हॉस्पिटल. हिमेटोमाची भीती पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त, आणि त्याला कापडाचा उपाय नाही.

बंडी पहिल्यांदा काढताना चक्कर येणारे बरेच असतात. दिवसभर धरून ठेवलेलं अंग एकदम मोकळं होतं, त्यात नवी छाती पहिल्यांदा दिसते, आणि डोळ्यांपुढे अंधारी. खाऊन घ्या, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसा, कोणीतरी शेजारी असू द्या. त्याच माणसाकडून बादलीही भरून घ्यावी. वीस लिटरची भरलेली बादली म्हणजे वीस किलो, आणि सुरुवातीचे आठवडे दोन-तीन किलोच्या वर उचलायचं नसतं. कुकरचं झाकण, लोकलची कडी, माळ्यावरचा डबा हेही बंद. चहा-साखर कमरेच्या उंचीवर आणून ठेवावी.

मुंबईच्या मे महिन्यात नायलॉनची बंडी म्हणजे शिक्षा, आणि जुलैत ती वाळत नाही ही दुसरी. कोमट पाणी, सौम्य साबण, हातानं. वेल्क्रो आणि हुक लावूनच धुवा, नाहीतर वेल्क्रो घरातले सगळे धागे गोळा करतं. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि पंख्याखाली टाकायचं. ऊन, इस्त्री, ब्लीच, कम्फर्टसारखं कंडिशनर यांनी बंडीतल्या स्पॅन्डेक्सचा, म्हणजे ताणणाऱ्या धाग्याचा, ताण मरतो. हा धागा तसा अलीकडचा, १९५८ सालचा. १९४२ साली इंग्लंडमध्ये मायकेल डिलन या ट्रान्स पुरुषानं छातीची शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा हा धागा नव्हताच. हा डिलन पुढे बौद्ध श्रामणेर होऊन लडाखच्या मठात राहिला आणि १९६२ साली डलहौसीत वारला.

कलमाची पट्टी वेळेवर सोडली नाही तर ती सालीत रुतते, हे कोकणातला कुठलाही माळी सांगेल. बंडीचंही एक सोडायचं वय असतं. सर्जननं हो म्हटलं की आधी दिवसा काही तास काढून पाहायचं. छाती जड वाटली, सुजली तर पुन्हा घालायची, नाहीतर हळूहळू रात्रीपुरती, मग नाहीच. पण बाइंडरमध्ये वाढलेल्या माणसाला बंडीशिवाय उघडं-उघडं वाटतं, आणि तो आठवडाभर जास्तच घालतो. खांदेही पुढे झुकलेलेच राहतात, वर्षानुवर्षांची सवय. त्यावर साधा व्यायाम, अर्थात परवानगी मिळाल्यावर: भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी भिंतीवर वर चालवत न्यायची. व्रण ताणून पांढरा दिसला की थांबायचं, तिथे पेन्सिलीनं खूण करायची आणि खाली तारीख लिहायची.