गॅस छपरीत आहे तोवर

आज ठेकेदार म्हणाला, "वहिनी, शुक्रवारपावतर तुमचा ओटा चालू. शनिवारी आतच सयपाक करा." मी बरं म्हटलं. चहाच्या कपबश्या घेऊन मोरीवर गेले, धुतल्या, आणि तिथंच उभी राहिले. दिवाळीपासून हेच ऐकायची वाट पाहत होते. आज कानावर पडलं आणि पोटात खड्डाच पडला. आता हे झोपले आहेत, बाहेर कुत्री भुंकतात, आणि मी वही काढून बसले आहे. असं का व्हावं?

सयपाकघराचं काम सुखाचं होतं म्हणावं तर तसंही नाही. काढलं ते नाइलाजाने, मयालीला, म्हणजे छपराच्या तुळईला, वाळवी लागली म्हणून. आत्याबाई, माझ्या सासूबाई, होत्या तेव्हा चुलीचा धूर रोज वर जायचा. मयाल, फाटे, कवेलू, छपराचं सगळं काळं कुळकुळीत असायचं, पण लाकडाला कीड कधी शिवली नाही. चूल बंद झाली, गॅस आला, भिंतीला ऑइलपेंट लागला, आणि धूर नाहीसा झाल्यावर वाळवीला रान मोकळं मिळालं. मिस्त्रीने पहारीचं टोक मयालीला लावलं तर नुसता भुसा खाली सांडला. त्या मयालीखाली मी इतकी वर्षं पोळ्या लाटल्या, हे त्या दिवशी अंगावर काटा आणून गेलं.

सोयाबीनचे पैसे हातात आले आणि काम सुरू केलं, तर इकडे वेचणी सुरू झाली. ठेकेदाराकडच्या बाया एकेक करून कापसात गेल्या. वेचणीला किलोमागे पैसे मिळतात, घरातली चार माणसं मिळून गेली तर रेती-गिट्टीच्या टोपल्या उचलायला कोण येईल? मी त्यांना दोष देत नाही, आमचाही कापूस त्यांनीच वेचला. पण ठेकेदार हे सरळ सांगत नव्हता. तो "उद्या येतो" म्हणायचा आणि फोन उचलायचा नाही. भिंत पाडलेली, वर आभाळ, भांडी मधल्या खोलीत पलंगाखाली, तिखटाचा डबा देवघरात, मिठाची बरणी सापडत नाही. धूळ तर अशी की रात्री उशी झटकावी लागायची. एकदा मी खरंच रडले. कोणी पाहिलं नाही. पोरगी पुण्याहून फोनवर म्हणते, चिमणी बसवून घे. तिला म्हटलं तू एकदा येऊन पाहून जा. जाऊ दे ते.

रेतीचं पहिलं ट्रॅक्टर यांनी परत पाठवलं. ग्लासभर पाण्यात मूठभर रेती टाकून ढवळली आणि ठेवून दिली, तर थोड्या वेळात वर बोटभर गाळ बसला. ठेकेदार म्हणाला चालते एवढी. यांनी ऐकलं नाही. ओट्याखालच्या मातीचंही तेच. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, म्हणून जुना ओटा दर वर्षी एकाच जागी तडकायचा. काळी माती 2 फूट काढून मुरूम भरून ठोकायचा असं ठरलं होतं. मी टेप लावला तर खड्डा फूटभरच. पुन्हा खोदायला लावला. दोन दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही. मग उंचीवरून झालं. मिस्त्री म्हणाला, ओटा 34 इंच धरतो, सगळीकडे तेवढाच असतो, तरी साहेबांना विचारतो. मी म्हटलं, साहेबांना कशाला, भाकर मी थापते, जोर खांद्यातून लागतो, 32 इंच धर. धरला त्याने. सिमेंटला पहिले 7 दिवस तरी ओल मोडू द्यायची नसते, ते पाणी मीच मारलं. हिवाळा होता म्हणून निभलं. हेच मे महिन्यात 45 अंशांत करायचं असतं तर हापशीवरच मुक्काम करावा लागला असता.

म्हणजे सोसलं ते पुरेसं होतं. आता सुटका समोर आहे. मग आनंद का होत नाही?

आधी वाटलं, पैशामुळे. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता बाकी आहे, तूर अजून घरात यायची आहे. पण पैशाची काळजी मला ओळखू येते, ती रात्री तीन वाजता येते आणि डोक्यात आकडे सुरू होतात. हे तसं नाही. मग वाटलं थकवा असेल. तोही नाही. आज तुरीच्या शेंगांचे सोले, म्हणजे ओले दाणे, काढताना ध्यानात आलं, आणि आल्यावर ते कबूल करायला जड गेलं.

सयपाकघर पाडलं तेव्हा गॅस छपरीत, म्हणजे पडवीत, मांडावा लागला, दुसरी जागाच नव्हती. विटांचा चौथरा रचला, वर शहाबादी फरशी ठेवली आणि त्यावर शेगडी. सिलिंडर खाली जमिनीवर, कारण शेगडी सिलिंडरपेक्षा उंच हवी असं एजन्सीवाला बजावून गेलेला. वाऱ्याला आडोसा म्हणून जुन्या पिंपाचा पत्रा उभा केला. आणि तिथून तीन हातांवर मामाजींची, माझ्या सासऱ्यांची, खाट.

सुरुवातीला मला फार अवघडलं. या घरात आल्यापासून मामाजींसमोर मी कधी खाली बसले नव्हते. डोक्यावर पदर, आवाज खाली. त्यांना काही सांगायचं असलं तर आत्याबाईंकडून, नाहीतर पोरांकडून, "आजोबांना म्हणा ताट वाढलं." आत्याबाई गेल्यावर तर सांगणारंही कोणी उरलं नाही. मी ताट नेऊन ठेवायची, ते जेवायचे, मी ताट उचलायची. दिवसभरात आमच्यात चार शब्द झाले तर खूप. त्यात राग कुठेच नव्हता, घराची रीतच तशी. सयपाकघर बायांचं आणि छपरी माणसांची, मधे 18 इंचाची मातीची भिंत.

आणि एकाएकी मी त्यांच्यासमोर पीठ मळत बसलेली. काही दिवस ते तोंड फिरवून पडायचे, मला मोकळं वाटावं म्हणून. मग एका सकाळी मी तुरीच्या शेंगांचा ढीग घेऊन बसले होते, भाजीला सोले हवे होते आणि वर मिस्त्रीला चहा द्यायचा होता. मामाजी खाटेवरून म्हणाले, "बाई, आण इकडे थोड्या." मी बावरले. पण सूप त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांची बोटं जाड, नखं मातीने पिवळी पडलेली, पण शेंग अशी दाबायचे की एका फटक्यात चारही दाणे सुपात, एकही फुटलेला नाही. टरफलं बाजूला, बैलासाठी. तेव्हापासून ते रोजचंच झालं. सोले त्यांचे, लसूण त्यांचा. सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडायला दिला तर काड्या वेगळ्या आणि पानं वेगळी काढतात, मी म्हणते मामाजी कोवळ्या काड्या राहू द्या, तर म्हणतात, "राहू दे कशी, बाई? दातात अटकते."

परवा भाकर थापत होते. परातीत ज्वारीचं पीठ, गरम पाणी, तळव्याने रेटत मळायचं, गोळा करायचा, थापायचा, फिरवायचा. मामाजी बघत होते. बराच वेळ बघत होते, म्हणून मी पदर सारखा केला. ते म्हणाले, "मी तुया आत्याबाईले भाकर थापतांनी कधी पाह्यलंच नाई."

मी काय बोलणार? तव्यावरची भाकर उलटली.

मग तेच म्हणाले, "भाकर पाह्यली. ताटातली. जाड आली का मी समजो, आज रागात आहे, आज बोलायचं नाई. पातळ आली का बरं. पण हात काई पाह्यले नाई तिचे."

एवढंच. नंतर ते बैलाकडे निघून गेले. मला मात्र त्या दिवसापासून भाकर थापताना आत्याबाईंचे हात आठवतात. डाव्या मनगटावर चुलीने भाजल्याचा डाग होता, तेलाने चमकायचा. मला तो रोज दिसायचा. मामाजींना तो डाग ठाऊक होता का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. अजून होत नाही.

तर हे आहे. शनिवारी मी भिंतीच्या आत जाणार आणि ते भिंतीच्या बाहेर राहणार. ओटा गुळगुळीत, टाइल्स पांढऱ्या, नळाला पाणी, आणि मी एकटी. सोले काढायला ते छपरीत बसतीलही, पण सूप आत-बाहेर नेण्यात बोलणं थोडंच होतं? बोलणं हाताला काम असताना होतं, मधल्या शांततेत होतं. त्यांच्याजवळ सांगण्यासारखं अजून पुष्कळ आहे, हे मला आता कळतं. आणि खरं सांगायचं तर माझ्याजवळही आहे. मी दिवसभरात काय केलं, आज कंबर का दुखते, हे या घरात मला कोणी बसून विचारत नाही. ते विचारतात. "बाई, कंबर कशी आहे?" बस, एवढंच विचारतात, पण विचारतात.

दुपारी मी मिस्त्रीला बाजूला घेऊन विचारलं, या भिंतीला खिडकी काढता येईल का, छपरीच्या बाजूने, दोन फुटांची? त्याने भिंतीवर हात ठेवला. म्हणाला, "वहिनी, मातीची भित आहे. मधून फोडली तर वरची येते खाली. आधी टेके लावा, मग फोडा, मग खिडकीवर लिंटेल टाका, दोन्ही बाजूनं सहा-सहा इंच भितीत बसलं पाह्यजे, वरून छपरीचे फाटे याच भितीवर आहेत." मी म्हटलं कर ना. त्याने ठेकेदाराकडे पाहिलं, ठेकेदाराने यांच्याकडे. हे म्हणाले, नवीन काम निघालं तर पुन्हा महिना जाईल, आणि छपरीच्या बाजूने खिडकी कशाला, तिकडून काय दिसतं?

मी गप्प बसले. तेव्हा मला स्वतःची फार कीव आली. वाटलं, आयुष्यभर या घरात भिंतींच्या जागा दुसऱ्यांनी ठरवल्या आणि मी त्यांच्या आत भाकरी केल्या. संध्याकाळपर्यंत मनात तेच.

पण लिहिता लिहिता एक पटतं की मिस्त्रीचं म्हणणं बरोबर आहे. ती भिंत मामाजींच्या वडिलांनी रचलेली, ती फोडायच्या भानगडीत छपरीच खाली आली तर मामाजींची खाट कुठे टाकणार? आणि छपरीत कायम सयपाक होत नाही, हेही तितकंच खरं. मृग लागला की वाऱ्याने ज्योत विझते, पाणी आत येतं. माझे गुडघे त्या चौथऱ्यापाशी किती दिवस वाकतील? मला नवीन सयपाकघर हवं आहे. मनापासून हवं आहे. 32 इंचांचा ओटा मी भांडून करून घेतला आहे. आनंद नाही असं मी वर लिहिलं, तो आहे, पण त्याच्याशेजारी हे दुसरंही बसलं आहे, आणि दोघांना एकाच घरात राहावं लागेल.

भिंत हलत नसेल तर माणूस हलवावा. सयपाकघराच्या दाराशी, आत शिरल्याबरोबर डाव्या हाताला, फ्रिजची जागा ठरली आहे. अडीच फूट रुंद, अडीच फूट खोल. तिथे लोखंडी खुर्ची सहज मावते. उजेड दारातून येतो, ओटा समोर दिसतो, शेगडीची ऊबही लागते. फ्रिज मधल्या खोलीत गेला तर चार पावलं जास्त चालीन मी.

मामाजी येतील का, हे सांगता येत नाही. मागे एकदा सहज म्हटलं होतं, नवीन सयपाकघर झालं की आत येऊन पाहा, तर म्हणाले, "पाहीन ना. पण तिथं माह्यं काय काम?" त्या वयाला उंबरठा ओलांडणं सोपं नाही, आणि हा उंबरठा तर त्यांनी उभ्या जन्मात ओलांडला नाही, आत्याबाई आजारी असतानासुद्धा दारात उभे राहून विचारायचे. ते दिवस आठवले की... असो.

पण सोले त्यांनीच काढायचे आहेत, तुरीच्या शेंगा अजून महिनाभर तरी निघतील, आणि सूप मी आतच ठेवणार आहे.

संध्याकाळी ठेकेदाराला फोन करून सांगितलं की फ्रिजचा पॉइंट मधल्या खोलीत हवा. तो म्हणाला, वहिनी, पुट्टी मारून झाली, आता पुन्हा भित खोदा, वायर ओढा, वेगळे पैसे लागतील. मी म्हटलं लागू द्या, माझ्या बचत गटाचे आहेत, देते. हे ऐकत होते. "फ्रिज सयपाकघरात नाही तर कुठं राहते?" म्हणाले. मी म्हटलं, शेजारच्या खोलीत. पुढे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. वायरमन उद्या सकाळी येणार आहे. मामाजींनाही इतक्यात काही सांगायचं नाही, आधी पॉइंट होऊ दे.