लँगॉलेन कालवा: नाव बांधायची कशी

वेल्समधल्या लँगॉलेन कालव्यावर चार दिवस नॅरोबोट भाड्याने घेतली होती. पहिल्या रात्री चर्कजवळ काठाला बांधली आणि झोपलो. सकाळी शेजारून एक नाव गेली. आमची जेमतेम सात फूट रुंद, लांबलचक नाव आधी मागे सरकली, मग पुढे, आणि दोराला असा हिसका बसला की आईच्या चहाचं आधण शेगडीवर सांडलं. बाहेर जाऊन बघतो तर एक खुंटी अर्धी उपटलेली.

चूक आमचीच. दोन्ही दोर काठाकडे सरळ काटकोनात, तेही सैल बांधले होते. असे दोर नावेला काठापासून लांब जाऊ देत नाहीत, पण मागेपुढे सरकण्यापासून अडवत नाहीत. ढील जितकी जास्त, तितका नावेला वेग येतो आणि हिसकाही मोठा बसतो. पलीकडच्या नावेवरच्या आजोबांनी दाखवलं: पुढचा दोर तिरपा पुढे, मागचा तिरपा मागे, साधारण ४५ अंशांत. शिवाय मागच्या टोकाकडून एक दोर पुढच्या बाजूला आणि पुढच्याकडून एक मागच्या बाजूला. आई म्हणाली, "मारक्या बैलाला दोन्हीकडून दावं लावतात, तसंच की!" अगदी तसंच.

टपाच्या मधोमध असलेला दोर रात्री मात्र बांधून ठेवू नका. तो उंचावरून ओढतो, त्यामुळे नाव कलंडल्यासारखी डोलते. काठाला लोखंडी पत्रा असेल तर खुंट्या ठोकूच नका, पत्र्यात अडकवायचे आकडे वापरा. खुंटी ठोकावीच लागली तर ओढीच्या उलट दिशेला तिरपी ठोका, दोर अगदी जमिनीलगत बांधा आणि खुंटीवर पांढरी पिशवी लावा, काठाने सायकली जातात. निघण्याआधी दोन जास्तीचे दोर मागून घ्या. आम्हाला ते सुचलं नव्हतं. मागच्या दोराचं उरलेलं टोक उलट वळवून भागवलं.

जागा शक्यतो सरळ पट्ट्यातली, पुलापासून लांब. वळणावर लोक ऐनवेळी इंजिन रेटतात. कमाल वेग ताशी ४ मैल, पण बांधलेल्या नावांपाशी त्याहूनही खूप हळू जायचं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिथे इंजिन अगदी मंद ठेवायला लागलो.

१८०५ सालचा पोंटकसुल्टे जलसेतू, म्हणजे कालवाच नदीवरून नेणारा पूल, तिसऱ्या दिवशी ओलांडला. खाली ३८ मीटरवर डी नदी, एका बाजूला कठडाच नाही. आईने डोळे मिटून घेतले होते. रात्री लँगॉलेनला तसेच तिरपे दोर लावून झोपलो, आणि सकाळचा चहा पातेल्यातच राहिला.