बाळाचे लंगोट आणि बोरिंगचं पाणी

लंगोट धुण्याच्या साबणाच्या बाटलीवर बाळाचं चित्र आहे की नाही, हे सगळ्यात शेवटी पाहा. आधी बादलीत पाणी कुठलं आहे ते पाहा. इंदूरच्या कितीतरी घरांत दोन पाणी असतात, नर्मदेचं आणि बोरिंगचं. नदीकाठच्या जलूदहून घाट चढून येणारं नर्मदेचं पाणी त्यातल्या त्यात मऊ. बोरिंगचं पाणी माळव्याच्या काळ्या पाषाणातून झिरपलेलं, म्हणून बहुधा जड. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून पांढरट चिकट साका करतं. तो विणीत बसतो, लंगोट पापडासारखा वाळतो, जांघेत घासतो आणि बोल मात्र साबणाच्या कंपनीला बसतो.

पाणी ओळखायचं तर अर्धी बाटली भरून त्यात अंगाच्या साबणाचा हरभऱ्याएवढा कीस टाका आणि जोरात हलवा. फेस टिकला तर पाणी मऊ. पाणी नुसतंच दुधाळ झालं तर जड, आणि जड पाण्यात साबणाची वडी वापरूच नये, मग ती कितीही ‘सौम्य’ असो. तिथे लिक्विड डिटर्जंटच घ्या, कारण त्याचा साका होत नाही.

स्वस्त पावडरीत धुण्याचा सोडा बराच असतो. तिच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) सहज १० च्या वर जातो आणि बाळाची त्वचा असते साधारण ५.५ ची. म्हणून सोडा नसलेलं, ब्लीच नसलेलं, वास कमीत कमी असलेलं लिक्विड हवं. लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारं साधं लिक्विड यात बसतं आणि ‘बेबी’ लिहिलेल्या बाटलीपेक्षा बहुतेकदा स्वस्त पडतं. भाव बाटलीचा नको, धुण्याचा काढा. समजा ५०० मिली १८० रुपयांना आहे आणि एका वेळी १० मिली लागतं, तर एक धुणं ३ रुपये ६० पैशांना पडलं.

हे १० मिली म्हणजे दोन चहाचे चमचे, ५-६ लिटर पाण्याला. फेस कमी दिसतो म्हणून आणखी ओतणं ही सगळ्यात महागडी चूक: पैसेही जातात आणि खळबळून निघतही नाही.

शी-दुधाचे डाग आधी गार पाण्यातच काढा. गरम पाण्याने त्यातलं प्रथिन शिजून धाग्याला धरतं. मालिशच्या तेलाचं उलट आहे. तेलकट झबली वेगळी काढून कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, नाहीतर तेल खवट होऊन वास कायमचा राहतो. शीचा पिवळा डाग धुऊनही उरला, तर ओलं कापड कडक उन्हात टाका, तो उडतो.

रिठा आजही उत्तम, आणि जड पाण्यातही चालतो. ५-६ रिठ्यांच्या बिया काढून टरफलं रात्री लिटरभर पाण्यात भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळून गाळा. दोन दिवसांत संपवा, मग आंबतं. पांढऱ्यावर थोडी तपकिरी झाक येते आणि तेलापुढे रिठा हरतो, एवढं मान्य करूनच वापरा.

धुणं बोरिंगवर झालं तरी शेवटचं पाणी नर्मदेचं ठेवा. तीनदा खळबळा. बोरिंगशिवाय इलाजच नसेल, तर शेवटच्या १० लिटरच्या बादलीत अर्धा चमचा लिंबूसत पूर्ण विरघळवून घाला, अल्कली मरते. जमलं की नाही ते वाळल्या लंगोटावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. लगेच शोषला तर ठीक. मोत्यासारखा बसून राहिला तर साबण, तेल नाहीतर कपडे मऊ करणारा सॉफ्टनर आत आहे. सॉफ्टनर लंगोटाला कधीच नको, शोषण्याचं कामच तो बंद पाडतो. अँटिसेप्टिकचं झाकण रोज ओतायचीही गरज नाही, चांगलं ऊन पुरतं. पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवा.

एका बाबतीत मात्र हयगय नको. आजीच्या साड्यांची दुपटी, कुंच्या ट्रंकेतून निघतात त्या डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट. ते नॅफ्थलीन आहे. जी-सिक्स-पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता असलेल्या नवजात बाळाच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात आणि कावीळ वाढते. अशी कमतरता वरून दिसत नाही. म्हणून बाळंतपणाच्या काही आठवडे आधीच ती दुपटी-कुंच्या काढून धुवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत उन्हावाऱ्यात टाका. वास जातच नसेल, तर ते दुपटं बाळाला नको.