वस्त्रगाळ

मार्गशीर्षातल्या एका दुपारी माझी भाची पाण्याची प्रत तपासायला घरामागच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उभी राहून दगड पायाने ढवळत होती आणि मी काठावर पांढरा ट्रे सांभाळत बसलो होतो. जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरायची व वरच्या अंगाचे दगड ढवळायचे, म्हणजे त्यांना चिकटलेले जीव आपसूक वाहत जाळीत येतात. "मामा, ट्रे हलवू नकोस, गाळ बसू दे," तिने दटावले.

गाळ बसला आणि ट्रेचा तळ चालू लागला. जो वाळूचा खडा समजून मी नखाने सरकवला, त्यातून एक डोके बाहेर आले; कॅडिसमाशीची ही अळी स्वतःच्या रेशमाने वाळूचे कण सांधून अंगाभोवती नळी बांधते. शेजारी मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या कीटकाचे तीन शेपट्यांचे पिल्लू पोटाच्या कडेचे पानांसारखे कल्ले थरथरवीत होते. चतुराचे पिल्लू मात्र मख्खपणे बसून होते, आणि बोट जवळ नेताच मागून पाण्याची पिचकारी सोडून सटकले. चतुरांच्या शेपटीला दोरे बांधण्यात आमचे बालपण गेले, पण त्याच्या पिल्लाला आम्ही कधी ओळखले नाही, आणि नाव तर अजूनही दिलेले नाही.

उन्हाळ्यात विहीर आटली की आजी याच व्हाळाचे पाणी भरी. हंड्याच्या तोंडाला आजोबांच्या धोतराचा चौपदरी तुकडा असे. पाणी गाळून झाले की ती तो तुकडा अंगणात कधीच झटकत नसे. पुन्हा व्हाळापर्यंत जाऊन, उलटा धरून, वाहत्या पाण्यात विसळी. "त्यांचा घर थयसर आसा," एवढेच म्हणे. त्या फडक्यावर काय वळवळत असे, हे मी वाकून पाहिल्याचे आठवत नाही.

भाचीने चिमट्याने एकेक जीव उचलून सत्तर टक्के अल्कोहोलच्या बाटलीत टाकला. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्याशिवाय बहुतेकांची जात ओळखता येत नाही आणि जीव नीट ओळखल्याशिवाय पाण्याची प्रत नेमकी सांगता येत नाही, हे मला पटते. मेफ्लाय भरपूर म्हणजे पाणी चांगले, असे ती म्हणाली आणि जाळी वाळत घालायला वर गेली.

रिकाम्या ट्रेच्या कोपऱ्यात वाळूची एक नळी राहिली होती. मी ट्रे व्हाळात उलटा धरून विसळला. भाचीच्या वहीतला त्या दिवसाचा आकडा एकाने कमी आहे. तिला अजून सांगितलेले नाही.